केंद्रापासून टाकलेला लंब

भरीव आकृत्या कापून आत काय दिसतं ते पाहणं हा भूमितीतला फार जुना आणि फार फलदायी उद्योग. घन घेतला आणि सपाट पात्याने कापला, तर पातं कुठून गेलं त्यावर त्रिकोण मिळेल, चौरस मिळेल, पंचकोन मिळेल. बेताने कापलं तर नियमित षट्कोनही मिळेल. दंडगोल तिरका कापला की लंबवर्तुळ दिसतं. शंकू तर याहून उदार. पात्याचा कल बदलत नेला की त्यातून वृत्त, लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त अशी चार वक्रं निघतात, आणि त्यांच्यावर पेर्गाच्या अपोलोनियसने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आठ खंडांचा ग्रंथ लिहिला.

गोल मात्र एकच उत्तर देतो. तो उभा कापा, आडवा कापा, तिरका कापा, मधोमध कापा की कडेला. छेद वृत्ताचाच येणार. उलट दिशेनेही हे खरं आहे. ज्या बंदिस्त पृष्ठाचा प्रत्येक सपाट छेद वृत्त असतो, ते पृष्ठ गोलाचंच असतं, दुसऱ्या कशाचं असू शकत नाही. छेदाचा आकार ठरलेला असल्यामुळे विचारण्यासारखे प्रश्न दोनच उरतात: वृत्त केवढं, आणि त्याचा मध्य कुठे? या दोन्हींची उत्तरं एका लंबात आहेत. गोलाच्या केंद्रापासून छेदणाऱ्या प्रतलावर टाकलेला तो लंब. नकाशा, पंचांग, भिंग, उपग्रह आणि फोनवरचा निळा ठिपका या सगळ्यांच्या मुळाशी हाच लंब आहे, आणि तो नीट पाहिला की त्रिमितीय भूमितीचं बरंचसं ओझं हलकं होतं असा माझा ठाम विश्वास आहे.

आधी सिद्धता पाहू. ती चार ओळींची आहे. गोलाचं केंद्र म, त्रिज्या त्रि. प्रतलावर म पासून लंब टाकला, तो प्रतलाला प या बिंदूत मिळाला. मप ची लांबी अं मानू. आता प्रतल आणि गोलपृष्ठ या दोहोंवर असलेला कोणताही एक बिंदू क घ्या. मप हा प्रतलाला लंब आहे, म्हणून प्रतलातल्या पक या रेषेलाही लंब आहे. म्हणजे म, प, क हा काटकोन त्रिकोण, आणि त्याचा कर्ण मक म्हणजे गोलाची त्रिज्या. पायथागोरसच्या प्रमेयाने पक चा वर्ग = त्रि² − अं². उजव्या बाजूला क कुठे आहे याचा उल्लेखच नाही. क कुठलाही निवडला तरी प पासूनचं त्याचं अंतर तेवढंच. समान अंतरावरचे सगळे बिंदू एका प्रतलात, म्हणजेच वृत्त; त्याचा मध्य प आणि त्रिज्या √(त्रि² − अं²).

प्रतल किती कललेलं आहे, गोलाला कोणत्या बाजूने येऊन भिडतं, याने वृत्ताच्या मापात काहीही फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त अंतराने. अंतर त्रिज्येपेक्षा कमी असेल तर वृत्त, त्रिज्येइतकंच असेल तर एकच बिंदू आणि ते प्रतल स्पर्शप्रतल, त्रिज्येपेक्षा जास्त असेल तर भेटच नाही. अंतर शून्य असेल, म्हणजे प्रतल केंद्रातूनच जात असेल, तर सर्वांत मोठं वृत्त मिळतं. त्याला बृहद्‌वृत्त म्हणतात, बाकीची सगळी लघुवृत्तं.

प्रतल केंद्रापासून दूर नेत गेलं की वृत्त लहान होतं, पण सारख्या वेगाने होत नाही. त्रिज्या १३ असलेला गोल घ्या. केंद्रापासून ५ अंतरावर छेद घेतला तरी वृत्ताची त्रिज्या १२ असते. जवळजवळ काहीच गेलेलं नाही. १२ अंतरावर, म्हणजे गोलाच्या कडेपासून फक्त १ आत, ती ५ असते. १२.९ वर पोचलं तरी १.६ शिल्लक असते, आणि उरलेल्या ०.१ मध्ये ती शून्य होते. गोल आधी बराच वेळ आपली रुंदी राखतो आणि शेवटी एकदम मिटतो.

हे समीकरणांत मांडताना एक घोटाळा पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. मूळबिंदूशी केंद्र आणि त्रिज्या १ असलेल्या गोलाचं समीकरण क्ष² + य² + झ² = १. त्याला झ = क्ष या प्रतलाने कापलं. विद्यार्थी झ च्या जागी क्ष ठेवतो आणि २क्ष² + य² = १ असं समीकरण मिळवतो. हे तर लंबवर्तुळाचं समीकरण! मग वृत्ताचं प्रमेय खोटं ठरलं का? नाही. झ काढून टाकल्यावर जे उरलं ते छेदाचं वृत्त नव्हे. त्या वृत्ताची क्ष-य प्रतलावर पडलेली सावली आहे. वृत्त ४५ अंशांनी कललेलं आहे, आणि कललेल्या वृत्ताची सावली लंबवर्तुळच पडते. अवकाशातलं वृत्त एका समीकरणात मावत नाही. त्याला दोन समीकरणं एकत्र लागतात, गोलाचं आणि प्रतलाचं, आणि दोन्ही शेवटपर्यंत सोबत ठेवावी लागतात.

लंबाच्या वाटेने गेलं तर हा घोटाळा होतच नाही. गोल क्ष² + य² + झ² = १६९ आणि प्रतल ३क्ष + ४य + १२झ = ६५ घ्या. ३, ४ आणि १२ यांच्या वर्गांची बेरीज १६९, तिचं वर्गमूळ १३. म्हणून मूळबिंदूपासून प्रतलाचं अंतर ६५ ÷ १३ = ५. वृत्ताची त्रिज्या √(१६९ − २५) = १२. मध्य हवा असेल तर ३, ४, १२ याच दिशेने केंद्रापासून ५ एकक चालत जा: (१५/१३, २०/१३, ६०/१३). एकही चल काढून टाकावा लागला नाही, की सावलीच्या भानगडीत पडावं लागलं नाही.

आता पृथ्वी घेऊ. ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय ६,३५७. पण आपल्या कामापुरता तिला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल मानायला हरकत नाही. अक्षवृत्तं म्हणजे या गोलाचे विषुववृत्ताला समांतर असे छेद. त्यांतलं विषुववृत्त एकटं केंद्रातून जातं, म्हणून ते बृहद्‌वृत्त. बाकी सगळी लघुवृत्तं. रेखावृत्तांची प्रतलं मात्र सगळीच अक्षातून आणि म्हणून केंद्रातून जातात. ३० अंशांचं अक्षवृत्त विषुववृत्ताच्या सुमारे ८७ टक्के भरतं आणि ६० अंशांचं बरोबर निम्मं. मुंबईच्या १९ अंशांवर पृथ्वीभोवती सरळ पूर्वेला फेरी मारली तर सुमारे ३७,९०० किलोमीटर होतील, विषुववृत्तावर ४०,०७५.

बृहद्‌वृत्ताचं महत्त्व प्रवासात कळतं. मेक्सिको सिटी मुंबईच्याच अक्षांशाजवळ आहे. दोन्ही शहरं १९ ते १९.५ अंश उत्तर यांच्या दरम्यान बसतात. भिंतीवरच्या नकाशात बोट ठेवून गेलं तर सरळ पश्चिमेकडे, अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक असा रस्ता दिसतो आणि तो सुमारे १८,००० किलोमीटर भरतो. पण दोन्ही शहरं आणि पृथ्वीचं केंद्र या तीन बिंदूंतून जाणारं प्रतल पृथ्वीला ज्या वृत्तात कापतं, त्या वृत्तावरून गेलं तर अंतर सुमारे १५,६०० किलोमीटर होतं. दोन हजार चारशे किलोमीटर वाचले. मात्र ही वाट जवळजवळ ७९ अंश उत्तरेपर्यंत चढते आणि ग्रीनलँडच्या ईशान्य किनाऱ्याजवळून जाते. नकाशावर ती अवाढव्य वळसा घातल्यासारखी दिसते, म्हणून लोकांना पटत नाही.

ती का जवळची, हेही छेदांच्या भाषेत सांगता येतं. गोलावरच्या दोन बिंदूंतून अगणित प्रतलं जातात आणि प्रत्येक गोलाला एका वृत्तात कापतं. या सगळ्या वृत्तांत त्या दोन बिंदूंना जोडणारी जीवा एकच आहे. जीवा तीच ठेवून वृत्त मोठं करत गेलं की तिच्यावरचा लहान कंस चपटा होत जातो, जीवेला चिकटत जातो, म्हणजे आखूड होतो. सर्वांत मोठं वृत्त केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाचं, म्हणून सर्वांत आखूड कंसही त्याचाच. ही पूर्ण सिद्धता नाही, कारण गोलावरची प्रत्येक वाट सपाट छेदातली असतेच असं नाही. पण वृत्तकंसांपुरतं हे कारण पुरेसं आहे. आणि दोन ठिकाणं गोलाच्या अगदी विरुद्ध टोकांना असतील तर? मग दोन्ही बिंदू आणि केंद्र एकाच रेषेत येतात, एका प्रतलाऐवजी अगणित प्रतलं मिळतात, आणि कोणत्याही दिशेने निघालं तरी अंतर सारखंच.

भारतीय ज्योतिषशास्त्राने हा काटकोन त्रिकोण आकाशात वापरला, आणि तो इतका रोजच्या वापरातला होता की त्याच्या प्रत्येक बाजूला स्वतंत्र नाव होतं. सूर्य एका दिवसात खगोलावर जे लहान वृत्त फिरतो ते अहोरात्रवृत्त. त्याचं प्रतल खगोलाच्या केंद्रापासून जेवढं दूर ती क्रांतिज्या, त्या वृत्ताची त्रिज्या ती द्युज्या, आणि कर्ण म्हणजे खगोलाची त्रिज्या, जी कोष्टकांत ३,४३८ धरत. सूर्याची परमक्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं कमाल कोनीय अंतर, सिद्धांतग्रंथांत २४ अंश आणि तिची ज्या (साइन) १,३९७. ३,४३८ च्या वर्गातून १,३९७ चा वर्ग वजा करून मूळ काढलं की ३,१४१ येतं. ती त्या दिवसाची द्युज्या. क्षितिजाचं प्रतल या अहोरात्रवृत्ताच्या प्रतलाला एका सरळ रेषेत कापतं. ती रेषा सूर्योदयाच्या बिंदूपासून सूर्यास्ताच्या बिंदूपर्यंत जाते, म्हणून तिला उदयास्तसूत्र म्हणत. तिच्या वरचा कंस दिवस, खालचा रात्र. मुंबईच्या अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास वरचा कंस १३ तास ९ मिनिटांचा भरतो. वातावरणातल्या वक्रीभवनामुळे प्रत्यक्ष दिवस त्याहून काही मिनिटांनी मोठा असतो.

एका छेदावरून आता दोन छेदांकडे येऊ, कारण गोलाचं सर्वांत विलक्षण रहस्य दोन समांतर छेदांच्या मधे दडलेलं आहे. अगदी गोल मोसंबं घेऊन त्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या केल्या, तर कोणत्या चकतीला साल जास्त येईल? मधली चकती रुंद आहे, म्हणून तिला, असं वाटतं. कडेच्या चकतीचा घेर लहान आहे खरा, पण तिची साल तिरपी उतरते, त्यामुळे तिची पट्टी जास्त रुंद असते, असंही वाटतं. दोन्ही परिणाम खरे आहेत, आणि ते एकमेकांना अचूक खोडून काढतात. केंद्रापासून अं अंतरावर एक पातळ काप घेतला तर त्याचा घेर √(त्रि² − अं²) च्या प्रमाणात घटतो आणि पट्टीची रुंदी नेमक्या त्याच प्रमाणात वाढते. गुणाकारात अं उरतच नाही. पट्टीचं क्षेत्रफळ नेहमी २π × त्रिज्या × जाडी. सगळ्या चकत्यांना साल सारखीच.

हे आर्किमिडीजने गोल आणि दंडगोल यांच्यावरच्या ग्रंथात सिद्ध केलेल्या गोष्टींतून निघतं: गोलाला नेमकं कवेत घेणाऱ्या दंडगोलाच्या वक्रपृष्ठाइतकंच गोलाचं पृष्ठ. हा शोध त्याला इतका प्रिय होता की त्याच्या समाधीवर गोल आणि दंडगोल कोरले होते, इ.स.पू. ७५ मध्ये सिराक्यूज इथे सिसेरोने झुडपांत हरवलेली ती समाधी याच खुणेवरून ओळखली.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५०च्या सिद्धान्तशिरोमणीत गोलपृष्ठाचं क्षेत्रफळ म्हणजे परिघ गुणिले व्यास हे सांगितलं, आणि स्वतःच्या वासनाभाष्यात ते का, हेही समजावलं. त्यांच्या आधीचे ज्योतिषी लल्लाचार्य यांनी दिलेला नियम चुकीचा आहे हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांची युक्ती अशी: मातीचा किंवा लाकडाचा गोल घ्यावा, त्याच्या माथ्यावर एक बिंदू करावा, आणि तिथून २२५ कला, म्हणजे पावणेचार अंश, इतक्या अंतराने एकाबाहेर एक वृत्तं काढावीत. २४ वृत्तं झाली की अर्धा गोल संपतो. या वृत्तांच्या त्रिज्या म्हणजे दुसरं काही नसून ज्यांच्या कोष्टकातले २४ आकडे! मग दोन वृत्तांमधली प्रत्येक पट्टी उलगडून समलंब चौकोनासारखी मोजायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. आवळ्यावर जशा उभ्या रेषा दिसतात तशा फाकी पाडून मोजायची दुसरी रीतही ते देतात. कलनशास्त्राच्या उंबऱ्यावर उभं असलेलं हे गणित आहे, आणि ते सह्याद्रीच्या परिसरात झालं. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याचा १२०७चा शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. जळगाव जिल्ह्यात जाणाऱ्या प्रत्येक गणितप्रेमी माणसाने वाट वाकडी करून तिथे जायला हवं.

सारख्या सालीच्या या नियमाने पृथ्वीचे हिशोब चुटकीसरशी होतात. ३० अंश उत्तर आणि ३० अंश दक्षिण ही अक्षवृत्तं विषुववृत्ताच्या प्रतलापासून अर्ध्या त्रिज्येवर आहेत; म्हणून त्यांच्यामधे पृथ्वीचं बरोबर निम्मं पृष्ठ येतं. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधे सुमारे ४० टक्के. आर्क्टिक आणि अंटार्क्टिक वृत्तांच्या पलीकडचे दोन्ही ध्रुवप्रदेश मिळून जेमतेम ८ टक्के. नेहमीच्या नकाशांत ते केवढे पसरलेले दिसतात!

क्षितिजही एक छेदच आहे. आपल्या डोळ्यांपासून पृथ्वीला ज्या स्पर्शरेषा जातात, त्यांचे स्पर्शबिंदू एका वृत्तावर असतात आणि ते वृत्त एका प्रतलात असतं. किनाऱ्यावर उभ्या माणसाचे डोळे १.६ मीटर उंचीवर असतील तर हे वृत्त सुमारे साडेचार किलोमीटरवर असतं. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावरून, वक्रीभवन सोडून दिलं तर, समुद्रसपाटीवरचं क्षितिज सुमारे १४५ किलोमीटर दूर जातं. आणखी वर गेलं तर? उंची उं असेल तर दिसणारा भाग संपूर्ण पृष्ठाच्या उं ÷ २(त्रि + उं) इतका असतो. हे सूत्र स्पर्शवृत्ताचं प्रतल कुठे आहे हे काढून त्याला आर्किमिडीजचा नियम लावला की लगेच मिळतं. साधारण ४०० किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातून एका वेळी पृथ्वीचं फक्त ३ टक्के पृष्ठ दिसतं. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेतून, जिथे आपले इन्सॅट मालिकेतले हवामान उपग्रह आहेत, ४२ टक्के. चंद्रावरून ४९ टक्के. पूर्ण निम्मी पृथ्वी मर्यादित अंतरावरून कधीच दिसत नाही, कारण स्पर्शवृत्ताचं प्रतल केंद्रापर्यंत कधी पोचतच नाही.

आतापर्यंत गोल माहीत होता आणि छेद शोधला. उलटा प्रश्न प्रयोगशाळेत येतो. भिंगाचं पृष्ठ एखाद्या मोठ्या गोलाचा छोटासा तुकडा असतं. त्या अदृश्य गोलाची त्रिज्या कशी मोजायची? अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्यांनी यासाठी स्फेरोमीटर हाताळलेला असतो. त्याचे तीन पाय समभुज त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर असतात. एका रेषेत नसलेले तीन बिंदू एक आणि एकच प्रतल ठरवतात. ते प्रतल भिंगाच्या गोलाला एका वृत्तात कापतं आणि तिन्ही पायांची टोकं त्या वृत्तावर असतात. मधला स्क्रू फिरवून आपण प्रतलापासून भिंगाच्या माथ्याची उंची मोजतो. पायांमधलं अंतर ४ सेंटिमीटर आणि मोजलेली उंची २ मिलिमीटर असेल, तर वृत्ताच्या त्रिज्येचा वर्ग १६ ÷ ३, आणि पुन्हा त्याच काटकोन त्रिकोणातून गोलाची त्रिज्या सुमारे १३.४ सेंटिमीटर निघते. प्रयोगवहीत लिहिलेलं सूत्र, लांबीचा वर्ग भागिले सहा उंची अधिक अर्धी उंची, हे या त्रिकोणाशिवाय दुसरं काही नाही. पाठ करायला लावण्याआधी हे चित्र फळ्यावर काढलं गेलं, तर मुलांना ते जन्मात विसरता येणार नाही.

आता दोन गोल एकमेकांत घुसले तर काय होतं ते पाहू. साबणाचे दोन फुगे जुळले की सांध्यावर एक गोल कडी दिसते. दोन गोलांचं छेदन वृत्तात होतं, हे डोळ्यांना दिसतंच. पण ते वृत्त सपाट का, हे बीजगणित फार सुंदर सांगतं. पहिला गोल मूळबिंदूशी, त्रिज्या १३: क्ष² + य² + झ² = १६९. दुसऱ्याचं केंद्र क्ष-अक्षावर १४ वर, त्रिज्या १५: (क्ष − १४)² + य² + झ² = २२५. एकातून दुसरं वजा करा. सगळे वर्ग उडून जातात आणि उरतं २८क्ष = १४०, म्हणजे क्ष = ५. हे एका प्रतलाचं समीकरण! दोन गोलांचे सामाईक बिंदू या प्रतलाबाहेर असूच शकत नाहीत. म्हणजे दोन गोलांचा प्रश्न आपोआप एक गोल आणि एक प्रतल यांचा झाला. प्रतल पहिल्या केंद्रापासून ५ अंतरावर, त्रिज्या १३, म्हणून वृत्ताची त्रिज्या १२.

हे आकडे मी मुद्दाम घेतले. दोन केंद्रं आणि वृत्तावरचा एक बिंदू मिळून १३, १४, १५ बाजूंचा त्रिकोण होतो. हाच त्रिकोण भास्कराचार्यांच्या लीलावतीत उदाहरण म्हणून आहे: पाया १४, बाजू १३ आणि १५, तर लंब आणि पायाचे दोन तुकडे सांग. उत्तर: लंब १२, तुकडे ५ आणि ९. लीलावतीतला तो सपाट त्रिकोण पायाभोवती फिरवला की त्याचा माथा अवकाशात हेच वृत्त काढतो.

तिसरा गोल आणा: केंद्र (५, १६, ०), त्रिज्या २०. पहिल्या गोलातून वजाबाकी करून क्ष = ५ ठेवलं की य = ० मिळतं. दोन प्रतलं एका रेषेत भेटतात आणि ती रेषा गोलाला दोन ठिकाणी भोसकते: (५, ०, १२) आणि (५, ०, −१२). तीन केंद्रांच्या प्रतलाच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला त्याचं प्रतिबिंब.

फोन आपली जागा शोधतो ती याच तत्त्वावर. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत, असा निरोप सतत पाठवत असतात. निरोप यायला लागलेल्या वेळाला प्रकाशवेगाने गुणलं की त्या उपग्रहापासूनचं अंतर मिळतं, म्हणजे आपण त्या उपग्रहाभोवतीच्या एका प्रचंड गोलावर कुठेतरी आहोत. तीन उपग्रह, तीन गोल, दोन बिंदू. त्यांतला एक दूर अवकाशात असतो, तो सोडून द्यायचा. खरी अडचण घड्याळाची. उपग्रहांत अणुघड्याळं असतात, फोनमध्ये साधं. प्रकाश एका अब्जांश सेकंदात ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे फोनचं घड्याळ सेकंदाच्या दशलक्षांश भागाने चुकलं तरी प्रत्येक गोलाची त्रिज्या ३०० मीटरने चुकते. सुदैवाने ती सगळ्या गोलांची सारखीच चुकते. ही चूक चौथी अज्ञात राशी मानली जाते आणि तिच्यासाठी चौथा उपग्रह घेतला जातो. भारताच्या नाविक प्रणालीचंही गणित हेच, फक्त तिचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत.

प्रत्यक्ष गणना करताना प्रतलं पुन्हा एकदा मदतीला येतात. आपण साधारण कुठे आहोत याचा अंदाज धरून प्रत्येक गोलाच्या जागी त्या ठिकाणचं स्पर्शप्रतल घेतलं जातं, प्रतलांचं छेदन काढलं जातं, आणि मिळालेल्या उत्तराला नवा अंदाज मानून तीच कृती पुन्हा केली जाते. गोलाऐवजी प्रतल घेण्याने केवढी चूक होते? २०,२०० किलोमीटर त्रिज्येच्या गोलावर स्पर्शबिंदूपासून १ किलोमीटर सरकलं तर गोल आणि स्पर्शप्रतल यांच्यात फट पडते फक्त अडीच सेंटिमीटरची. म्हणून काही फेऱ्यांतच उत्तर स्थिर होतं.

पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला गोल हे प्रकरण शिकणाऱ्या मुलांना आणि ते शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. गोल आणि प्रतल यांचं उदाहरण समोर आलं की समीकरणं एकमेकांत घालायच्या आधी कागदावर एक वर्तुळ काढा, प्रतलासाठी एक रेषा ओढा आणि केंद्रापासून तिच्यावर लंब टाका. बहुतेक उदाहरणं तिथेच सुटतात.